दोराचं दुसरं टोक

दोरवाल्याचं लग्न झालं तेव्हा त्याच्या बापाने नव्या सुनेला चाकापाशी बसवलं आणि सांगितलं, "पोरी, हा आता तुझ्याकडे बघत बघत लांब जाईल. घाबरू नकोस, परत येतो."

सुनेला वाटलं सासरा थट्टा करतोय. पण ती थट्टा नव्हती, धंद्याची रीत होती. दोर वळणारा कमरेला तागाचा पुंजका गुंडाळतो, त्यातून धागे ओढून चाकाच्या आकड्याला अडकवतो, आणि चाक फिरायला लागलं की ताग सोडत सोडत एकेक पाऊल मागं सरकतो. तोंड चाकाकडे, पाठ वाटेकडे. नदीच्या काठाला झाडांची रांग होती, तिच्या सावलीत ही वाट होती आणि ती याच घराण्याच्या पावलांनी घडलेली होती. दोरवाल्याच्या चपला बाकीच्या जगासारख्या टाचेकडून झिजायच्या नाहीत, चवड्याकडून झिजायच्या. मोची दर वेळी चप्पल हातात धरून विचारायचा, "मालक, तुम्ही येताय की जाताय?"

नवराबायकोची भांडणंही दोरावरच व्हायची. तो जवळ असेपर्यंत हळू आवाजात, आणि जसजसा लांब जाईल तसतसा आवाज चढत जायचा. त्यामुळे भांडण कशावरून सुरू झालं ते गावाला कधी कळलं नाही, पण संपलं कशावर ते सगळ्यांना पाठ असायचं. शेवटचा शब्द नेहमी बायकोचा, म्हणजे दोरवालीणबाईंचा. चाक त्यांच्या हातात होतं. फार झालं की त्या चाक थांबवायच्या, मग तो पार टोकाला हातात अर्धवट दोर धरून उभा राहायचा आणि म्हणायचा, "बरं बाई, तुझंच खरं. फिरव."

परत येताना मात्र तो सरळ चालत यायचा. पण नजर सगळी दोरावर. तळहात दोरावरून फिरवत, गाठ, फुगवटा, सुटलेला धागा चाचपत यायचा. त्या वेळी त्याच्याशी बोलून उपयोग नसायचा, घराला आग लागली असती तरी आधी दोर तपासला असता.

एक गोष्ट मात्र कुणाला उलगडली नव्हती. पीळ पुरा भरला की तो टोकावरून हात वर करायचा, आणि बरोबर त्याच क्षणी करायचा. जरा आधी हात केला तर दोर सैल, जरा उशीर झाला तर दोर अंगावर उठून गुंडाळी होतो. मुलगा हाताशी आला तेव्हा त्याने विचारलं, "बाबा, तुम्ही दोराकडे तर बघतही नाही. मग पीळ भरला हे कळतं कसं?"

"कळतं."

"कळतं म्हणजे कसं?"

"कळतं म्हणजे कळतं. इतकी वर्षं उगीच उलटा चाललो का?"

मुलाने नाद सोडला.

मग दोरवाल्याचा खुबा दुखायला लागला. आधी जिना चढताना, मग सपाटीवर, मग नुसतं उभं राहिलं तरी. गंमत अशी की पुढं पाऊल टाकलं की कळ यायची आणि मागं टाकलं की यायची नाही. तेव्हा हा गडी कुणी बघत नसेल तेव्हा घरातही उलटाच चालायला लागला. खाटेवरून पाण्याच्या माठाकडे उलटा, माठाकडून दाराकडे उलटा. मुलाचं लग्न होऊन घरात सून आली होती, तिने एकदा पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "मामंजी, भिंतीवर आदळाल!"

"भिंत माझ्या बापाने बांधली आहे. मला ठाऊक आहे ती कुठं आहे ते."

असं करत करत दोन हिवाळे काढले. आणि ऐन हंगामात, म्हणजे डोंगरावरचं बर्फ वितळून नदी फुगायच्या आधी सगळ्या नावांना नवे दोर लागतात त्या दिवसांत, मोठ्या नावेचा जाड दोर वळताना तो वाटेच्या मध्येच खाली बसला. बसला म्हणजे पडला नाही, धरून धरून बसला, पण हातातला दोर सुटला. भरत आलेला पीळ सापासारखा वळवळत उलगडला आणि चाकाला जाऊन भिडला. दोरवालीणबाई धावल्या.

"अहो, काय झालं?"

"काही नाही. दोर गेला."

"दोर जाऊ दे. उठता येतंय का?"

त्याने पाय चाचपून पाहिला. "नाही," म्हणाला, आणि लहान मुलासारखा हात पुढं केला. लग्नानंतर त्याने उठण्यासाठी हात मागितला तो पहिल्यांदाच. 

तालुक्याच्या डॉक्टरने फोटो काढून दाखवला. खुब्यातला हाडाचा गोळा जुन्या गाडीच्या आसासारखा झिजलेला. नवा बसवावा लागेल, म्हणाला. बसवणारा मोठ्या शहरात एकच, आणि त्याच्या दारात लोक ताटकळत बसलेले, नंबर लागेपर्यंत गुडघाही जाईल. "त्यापेक्षा नदीपलीकडे जा," डॉक्टर म्हणाला. "तिथं हेच काम रोज करतात."

नदीपलीकडे म्हणजे दुसरा देश. नदी मध्ये, अलीकडे हे, पलीकडे ते. भाषा वेगळी, शिपायाच्या टोपीचा रंग वेगळा. दोरवाल्याने जन्मभर तो काठ समोर पाहिला होता, पण तिथं पाऊल ठेवलं नव्हतं. काम काय तिथं? आता पलीकडच्या टेकाडावर एक पांढरी इमारत उभी राहिली होती, संध्याकाळी तिच्या काचा चमकायच्या. तेच ते हॉस्पिटल.

"मी नाही जाणार," दोरवाला म्हणाला. "नावांचे दोर कोण वळेल?"

"मी वळतो," मुलगा म्हणाला.

"तू? तू मागं चालतोस की पळतोस? तुझा दोर बकरी बांधायला बरा."

"मी चाक धरते," सून म्हणाली. "मी त्यांना पळू देत नाही."

यावर सासऱ्याने मान डोलावली, कारण सुनेचा हात चाकावर खरंच चांगला होता. खर्चाचं नावाड्यांनी आपसात मिटवून टाकलं. त्यांच्या नावा कुणाच्या दोरावर उभ्या आहेत ते त्यांना ठाऊक होतं, आणि दोरवाल्याला नको म्हणायला त्यांनी जागाच ठेवली नाही. थोरला नावाडी दारात येऊन एवढंच म्हणाला, "नदी फुगायच्या आत जाऊन या. एकदा पाणी चढलं की नावा महिना महिना बंद. मग बसाल तिकडंच परदेशी होऊन."

निघायच्या दिवशी नावेत बसताना दोरवाल्याने आधी नावेचा दोर चाचपला. त्याच्याच हातचा होता. "हा अजून एक हंगाम काढेल," तो म्हणाला.

"तुम्ही किती काढता ते बघू आता," नावाडी म्हणाला, आणि दोरवालीणबाई हसल्या. नावेची कड मात्र हातातून सोडली नाही.

हॉस्पिटलात परदेशी रुग्णांसाठी वेगळी खिडकी होती. तिथं त्याच्या मनगटाला निळा पट्टा बांधला. त्याच देशातली माणसं दिसली, त्यांना पांढरा.

"हा निळा कशाला?"

दुभाषी बाई होत्या, पलीकडच्याच, पण आपली भाषा पुस्तकातून शिकलेल्या. त्या म्हणाल्या, "आपण परदेशी रुग्ण आहात. आपणास विशेष साहाय्य मिळावे म्हणून."

"परदेशी?" दोरवाल्याने खिडकीतून बोट केलं. "ते बघा. ती झाडांची रांग. तिच्या शेवटाला ते घर, धूर निघतोय ते. सून चूल पेटवतेय. मी परदेशी कसा?"

दुभाषी बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं, मग पट्ट्याकडे पाहिलं. "नियम आहे," त्या म्हणाल्या, आणि मग जरा हळू, पुस्तक बाजूला ठेवून, "मला पण हसू येतं कधी कधी."

खोली वरच्या मजल्यावर मिळाली आणि खाट खिडकीशी. हे मात्र फार चांगलं झालं. सकाळी ऊन पलीकडच्या, म्हणजे आपल्या, काठावर पडलं की झाडांखालची वाट स्पष्ट दिसायची. चाकाशी सून, ओढणीचा रंगसुद्धा ओळखू यायचा, आणि मुलगा मागं मागं सरकत जाणारा. दोरवाला उशीला टेकून बघत बसायचा आणि तोंडाचा पट्टा चालूच.

"बघ, बघ. पळाला. सांगितलं होतं की नाही? ताग सोडतोय की फेकतोय? अरे, हात खाली धर!"

"त्याला ऐकू जातंय का?" बाई म्हणायच्या.

"मला तर बरं वाटतंय ना."

रक्त काढलं, फोटो काढले, छातीला तारा लावून पाहिल्या. या सगळ्यात त्याने एकाच गोष्टीची तक्रार केली, ती म्हणजे हॉस्पिटलचा अंगरखा मागून उघडा होता. "मी उलटा चालणारा माणूस," तो म्हणाला, "मला तरी पुढून उघडा द्या." दुभाषी बाईंना हे भाषांतर करावं की नाही कळेना. त्यांनी केलं नाही.

ऑपरेशनच्या सकाळी चाकांची खाट घेऊन एक जाडजूड माणूस आला. रोज तोच यायचा, रुग्णांना इकडून तिकडे ढकलत न्यायचा, म्हणून दोरवाल्याने त्याचं नाव ढकल्या ठेवलं होतं. ढकल्या शांत होता, गालातल्या गालात हसायचा. त्याने दोरवाल्याला खाटेवर घेतलं, पांघरूण घातलं आणि लांबलचक व्हरांड्यातून ढकलायला लागला. पाय पुढं, डोकं मागं, आणि डोक्यामागं ढकल्याची भरभक्कम पाठ.

दोरवालीणबाई खोलीच्या दारात उभ्या राहिल्या. व्हरांडा संपतो तिथं दोन पानी दार होतं, त्याच्या पुढं जायची त्यांना परवानगी नव्हती. त्यांना दोरवाल्याचं काहीच दिसेना. नुसती ती पाठ लांब लांब जाताना दिसली, आणि एकदम त्यांना असं वाटलं की हे बरोबर नाही. जन्मात हा माणूस आपल्याकडे पाठ करून लांब गेलेला नाही. आज जातोय, तेही तोंड न दाखवता.

त्या धावल्या. खाटेचा कठडा धरला आणि काही न बोलता खाट फिरवायला लागल्या. ढकल्या घाबरला. त्याने त्याच्या भाषेत काहीतरी विचारलं, बाईंनी आपल्या भाषेत सांगितलं, "उलटं. उलटं न्यायचं यांना." कुणालाच कुणाचं कळलं नाही. पण खाट वजनदार होती आणि बाईंचा हात चाळीस वर्षं चाक फिरवलेला होता, ती फिरली. ढकल्याने एकदा दोघांकडे पाहिलं, खांदे उडवले आणि पलीकडच्या बाजूला जाऊन पायाकडचा कठडा धरला. तो मागं मागं चालत खाट ओढायला लागला. खाट दाराऐवजी बाईंकडेच यायला लागली, तसा तो बावचळून पुन्हा थांबला. शेवटी त्याने डोकं दाराकडे आणि पाय बाईंकडे अशी खाट लावली, स्वतः पायाकडून कमरेत वाकून ढकलायला लागला, आणि त्याच्या खांद्यावरून दोरवाल्याचा चेहरा दिसायला लागला. उशीवर जरा उंच, बायकोकडे बघणारा.

तो असा मागं मागं गेला. बाई एका जागी उभ्या राहिल्या. त्यांनी चेहरा धुतलेल्या पाटीसारखा कोरा ठेवला. त्यांना नंतर कळलं की आपला उजवा हात कमरेशी हळूहळू गोल फिरत होता.

दार मिटलं.

ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टरने स्वतः येऊन सांगितलं, दुभाषी बाईंनी ते पुस्तकी भाषेत सांगितलं आणि बाईंनी दोघांचेही हात धरले. त्या दिवशी त्या भरपेट जेवल्या. अन्न अळणी होतं, तरी जेवल्या.

खरी पंचाईत पुढं झाली. दुसऱ्या दिवशी एक सडपातळ मुलगी आली, केस घट्ट बांधलेली, पायात पांढरे बूट. तिचं काम रुग्णांना चालवायचं. तिने दोरवाल्याला उठवलं, हातात चार पायांचा अॅल्युमिनियमचा आधार दिला, आणि पुढं बोट करून म्हणाली, चला. दोरवाल्याने आधार घट्ट धरला, श्वास घेतला, आणि पाऊल मागं टाकलं.

मागं खाट होती. मुलीने झेप घेऊन धरलं नसतं तर नवा खुबा पहिल्याच दिवशी कामातून गेला असता. तिने पुन्हा उभं केलं, पुन्हा पुढं बोट केलं. दोरवाल्याने मान हलवली, समजलं असं दाखवलं, आणि पुन्हा मागं पाऊल टाकलं.

मुलीने कुणालातरी बोलावलं. त्याने आणखी कुणालातरी. डॉक्टर आला, दुभाषी बाई आल्या, ढकल्याही दारात येऊन उभा राहिला.

"आज वार कोणता?" डॉक्टरने विचारलं, म्हणजे दुभाषी बाईंनी विचारलं.

"मला रोज एकच वार. इथं कुणी बाजाराला जाऊ देतंय का?"

"आपले वय काय?"

"बायकोला विचारा, तिनेच जास्त मोजलंय."

ही उत्तरं भाषांतर होऊन पोचली तेव्हा डॉक्टरच्या भुवया आणखी वर गेल्या. भूल दिल्यावर कधी कधी म्हाताऱ्या माणसांचा मेंदू गोंधळतो, तो म्हणाला. डोक्याचा फोटो काढू, आठवडाभर ठेवून घेऊ. दोरवालीणबाईंच्या कानावर आठवडा हा शब्द पडला आणि त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. नदीचं पाणी कालपेक्षा गढूळ होतं. काठावरचा सपाट दगड, ज्यावर बायका कपडे धुतात, तो अर्धा बुडाला होता. आठवडाभराने नावा बंद होणार. आणि इथं या माणसाला वेडा ठरवताहेत.

"अहो, डोकं ठीक आहे त्यांचं," त्या म्हणाल्या. "पुढं दुखतं म्हणून मागं चालतात. आणि तसंही मागंच चालतात. धंदाच तसा आहे."

दुभाषी बाईंनी हे सांगितलं. डॉक्टरने काहीतरी विचारलं. दुभाषी बाई म्हणाल्या, "डॉक्टर विचारतात, कोणत्या व्यवसायात मनुष्य मागे चालतो?"

बाईंनी त्यांचा हात धरला, दुसऱ्या हाताने डॉक्टरची बाही धरली, आणि दोघांना खिडकीपाशी ओढत नेलं. "तो बघा."

पलीकडे, झाडांच्या सावलीत, मुलगा कमरेला ताग गुंडाळून एकेक पाऊल मागं जात होता. सून चाक फिरवत होती. दोघांमध्ये दोर हळूहळू लांब होत होता. डॉक्टर बघत राहिला. चालवणारी मुलगी त्याच्या खांद्यावरून बघायला लागली, ढकल्या मागून टाचा उंचावून. शेजारच्या खाटेवरच्या माणसानेही मान लांब केली. एवढी शिकलीसवरलेली माणसं एका खिडकीत दाटीवाटीने उभी, आणि नदीच्या पलीकडे एक पोरगा वाटेकडे पाठ करून मागं मागं जातोय.

"माझा मुलगा," दोरवाला आधाराला धरून मागून ओरडला. "जरा पळतो. पण सुधारलाय."

आधी ढकल्या हसला. गदागदा हसला, पोट धरून, कारण बाईंनी खाट का फिरवली ते त्याला आत्ता उमगलं. मग डॉक्टर हसला. डोक्याच्या फोटोचं बोलणं तिथंच संपलं.

पण ती सडपातळ मुलगी हसून झाल्यावर लगेच गंभीर झाली. ती पोरगी मोठी पक्की होती. ती म्हणाली, कळलं, मागं चालणं यांना येतं. पण आता हे हाड नवं आहे, ते मागं चाललं की निसटेल. पहिला हंगाम तरी मागं चालणं बंद. पुढं चालता आलं तरच घरी. आणि जाताजाता तिने दोरवाल्याच्या डोळ्यांत बघून एक वाक्य टाकलं. दुभाषी बाई ते सांगताना जरा थबकल्या. "ती म्हणते, ही सवय नव्हे. ही भीती आहे."

दोरवाल्याने खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. बाईंना माहीत होतं, खरं बोललेलं त्याला लागलं की तो असाच लांब बघतो.

पुढचे दोन दिवस असेच गेले. मुलगी यायची, उभं करायची, पुढं बोट करायची. दोरवाला आधार धरून उभा राहायचा, घाम फुटायचा, पाऊल उचलायचं नाही. कळ नव्हती, स्वतःच सांगायचा की कळ नाही. पण दोन हिवाळे पुढं टाकलेल्या प्रत्येक पावलाने त्याला चटका दिला होता, आणि शरीर काही डॉक्टरचं ऐकत नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तशातली गत. नदी रोज चढत होती. धुण्याचा दगड बुडाला.

"अहो, टाका की एक पाऊल," बाई म्हणाल्या.

"टाकतो गं. पाय ऐकत नाही."

"नावा बंद होतील."

"मला दिसतंय ना. मी काय आंधळा आहे?" मग आवाज उतरला. "चाक तरी कसं दिसेल आता मला, पुढं चालायला लागलो तर. पाठ होणार तुझ्याकडे."

 हा माणूस असं कधी बोलत नसे. बाई उठल्या. खाटेच्या पायथ्याशी लांब टॉवेल होता, त्याचं एक टोक त्यांनी आधाराच्या मधल्या दांडीला बांधलं. दुसरं टोक आपल्या कमरेशी धरलं. आणि नवऱ्यासमोर, त्याच्याकडे तोंड करून, व्हरांड्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

"काय चाललंय?" दोरवाला म्हणाला.

"तुम्ही चाक व्हा. मी जाते मागं."

"तुला येतं का?"

"नाही येत. म्हणून तर म्हणते, लक्ष ठेवा."

त्यांनी एक पाऊल मागं टाकलं. जन्मात उलटं चाललेल्या नव्हत्या. टाच कुठं पडते ते कळेना, अंग डुगडुगलं, टॉवेल ताणला गेला.

"अगं, सावकाश! चवडा आधी टेक!" दोरवाला ओरडला, आणि टॉवेल सैल व्हावा म्हणून आधार पुढं सरकवला, आणि आधारामागून पाऊल टाकलं. पुढं.

चालवणारी मुलगी दारात उभी होती. तिने ढकल्याला हाताने थांबवलं.

"घाई करू नकोस. डावीकडे सरकतेयस. खांब आहे मागं." तो बोलत होता, शिकवत होता, चिडत होता, आणि पावलं पडत होती. दार ओलांडलं. व्हरांडा लागला. बाई मागं मागं जात होत्या आणि त्यांचं लक्ष टाचांवरून उडालं, कारण समोर नवऱ्याचा चेहरा होता. संसारभर हा माणूस त्यांच्याकडे बघायचा तो लांब जाताना, आणि जवळ यायचा तो दोराकडे बघत. आज बघतही होता आणि येतही होता. बाईंचे डोळे भरून आले, आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत, कारण दोन्ही हात टॉवेलवर होते.

ते दोन पानी दार आलं तेव्हा दोघं थांबले. मागून टाळ्या वाजल्या. दोरवाल्याने मान वळवून पाहिलं आणि आपण किती लांब आलो ते बघून तोच घाबरला.

शेवटच्या नावेने ते परत आले. मनगटावरचा निळा पट्टा दोरवाल्याने कापू दिला नाही. नावाड्याने विचारलं तर म्हणाला, "परदेशी पाहुणा आहे मी. हात धरून उतरव."

मोठ्या नावेचा दोर बाकी होता. मुलाने बाकीचे सगळे वळले होते, तेवढा एक बापासाठी ठेवला होता. पण बापाला मागं चालायची बंदी. सुनेने चाकापाशी उंच बैठक मांडली, दोरवाला बैठकीवर बसला, त्याने चाकाची मूठ हातात धरली आणि बायकोकडे पाहिलं. "चल. हॉस्पिटलात फार शिकलीस. दाखव."

बाईंनी कमरेला ताग गुंडाळला. मुलगा बाजूला चालत राहिला, धागा जाड झाला की सांगायला. चाक फिरलं. त्या मागं निघाल्या. दोर अगदी देखणा नव्हता, मध्येच फुगून पोट आल्यासारखा व्हायचा, आणि दोरवाला तिकडून ओरडायचा, "जाड! जाड! हां, आता बारीक! अगं, ताग आहे का शेवया?"

"फिरवा तुम्ही! बोलू नका!"

अंतर वाढत गेलं तसा आवाज चढत गेला. गावातली माणसं कामं सोडून बघायला लागली. बाई टोकाला पोचल्या. आता पीळ भरायचा. त्या दोर ताणून उभ्या राहिल्या आणि चाकाकडे बघत राहिल्या. दोरवाला फिरवत होता. पीळ चढेल तसं चाक जड होतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? त्याचा खांदा उचलला गेला, मान ताठ झाली, आणि लांबून, एवढ्या लांबून, त्याच्या दोन भुवयांच्या मध्ये एक आठी पडलेली दिसली.

बाईंचा हात आपोआप वर गेला.

दोरवाल्याने चाक थांबवलं. मुलाने दोर दाबून पाहिला. "आई," तो म्हणाला, "बरोबर भरलाय. तुला कसं कळलं?"

 बाई लांबून नवऱ्याकडे बघत होत्या. मग ओरडल्या, "अहो! तुम्ही इकडून माझ्या कपाळाकडे बघायचात?"

"मग काय झाडांकडे बघायचो?"

"चाळीस वर्षं सांगितलं नाहीत!"

"सांगितलं असतं तर मुद्दाम आठ्या घातल्या असत्यास!"

सून हसून हसून खाली बसली. बाईंनी दोर सोडला नाही. गावाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात त्यांनी विचारलं, "आणि त्या दिवशी? त्या खाटेवरून माझ्याकडे काय बघत होतात?"

"तेच! आठी नव्हती! म्हटलं, काही होत नाही आपल्याला! खुशाल झोपलो!"

"होती हो!" बाई ओरडल्या, आणि आता मात्र आवाज फाटला. "पोटात होती!"

 दोरवाल्याने मुठीवरचा हात काढला. मग बैठकीवरून उतरला, काठी घेतली, आणि दोराला हात न लावता, दोराकडे न बघता, सरळ वाटेने चालत यायला लागला.

"अहो, चाक सोडलंत! पीळ उलगडेल!"

"उलगडू दे," तो म्हणाला. "पुन्हा भरू."